दुसरी बाही

१

मास्तरांच्या उजव्या बाजूने कोणी यायचं नाही, असा घरात नियम होता. बोलायचं तर डावीकडून, चहा द्यायचा तर डावीकडून, आणि भांडायचंच असेल तर तेही डावीकडूनच. चौदा महिने हा नियम चालू होता. सकाळी मास्तरीणबाई आधी खिडकी लावून घ्यायच्या, पंखा बंद आहे ना ते पाहायच्या, मगच मास्तर उशीवर ठेवलेला उजवा हात उशीसकट उचलून उठायचे. शर्टाची उजवी बाही त्यांनी स्वतःच कोपराच्या वर कापून टाकली होती. जन्मभर लोकांच्या बाह्या जोडणाऱ्या शिंप्याने स्वतःची बाही कापावी, म्हणजे काय दुखत असेल ते तुम्हीच बघा.

तसं झालं होतं काय, तर काहीच नाही. पायरीवरून पाय घसरला, मनगटाला केसाएवढी चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड छान जुळलं. दुखणं मात्र गेलं नाही, उलट वाढतच गेलं. हात लाल, सुजलेला, तुकतुकीत. त्यावरून नुसती वाऱ्याची झुळूक गेली तरी निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. पाच डॉक्टर झाले. पहिला म्हणाला, होतं असं. दुसरा म्हणाला, मनाचं आहे. तिसऱ्याने गोळ्या दिल्या, चौथ्याने मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन "घरात काही कटकटी आहेत का?" म्हणून विचारलं. पाचव्याने आजाराला नाव दिलं. चार शब्दांचं लांबलचक इंग्रजी नाव, आणि त्या नावाचा दुसरा पेशंट त्या डॉक्टरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नाव मिळालं म्हणून मास्तर त्या दिवशी ढसाढसा रडले होते.

घरात येऊन मेहुणा म्हणायचा, "हात जागेवर आहे, बोटं हलतायत. दाजींना काम नको झालंय, दुसरं काही नाही." हे तो पडद्याआडून म्हणायचा, पण मास्तरांचे कान शाबूत होते. आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणूसही हळूहळू कोणावर विश्वास ठेवेनासा होतो. मास्तरांचं तेच झालं. बायको दार हळू लावते की मुद्दाम जोरात, गिऱ्हाईक हाताकडे बघून हसलं की सहज हसलं, याचा हिशोब दिवसभर डोक्यात चालू.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मास्तर डाव्या हाताने खडू धरून खुणा करायचे, मास्तरीणबाई मशीन चालवायच्या. हातशिलाईची कामं परत पाठवावी लागायची, कारण सुई धरणारा हात उशीवर पडलेला, आणि बाईंना मशीनवरून उठायला सवड नसायची.

त्यांना एकच मुलगी, नऊ वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत. तिला शाळेत सोडायला आणायला मास्तरच जायचे, ती डावीकडून चालायची. दर रविवारी ती एकदा विचारायची, "बाबा, आज दुखतंय?" मास्तर म्हणायचे, "आज जरा." ती "बरं" म्हणून निघून जायची. आधी ती याच उजव्या हाताला लोंबकळत शाळेत जायची. मास्तरांना धंदा, नाव, मेहुण्याचं तोंड बंद करणं, कशाकशाचं काही राहिलं नव्हतं. त्या हातात पोरीचा हात धरता आला पाहिजे, एवढ्यासाठी त्यांना बरं व्हायचं होतं.

२

खोकं आणलं ते व्यायामाच्या मॅडमनी. या बाई हाताला हात न लावता व्यायाम घ्यायच्या, म्हणून मास्तरांचा त्यांच्यावर जरा तरी भरवसा होता.

बुटांच्या खोक्याहून जरा मोठं लाकडी खोकं, त्याच्या डाव्या फळीवर बाहेरून आरसा लावलेला. उजवा हात खोक्यात घालायचा, म्हणजे तो दिसणार नाही. डावा हात आरशासमोर ठेवायचा. आरशात डाव्या हाताचं प्रतिबिंब दिसतं, ते हुबेहूब उजव्या हातासारखं. मग डावी मूठ उघडायची, मिटायची, आणि बघायचं फक्त आरशात.

"मेंदूला वाटतं, अरे, उजवा हात हलतोय आणि दुखत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मेंदूला फसवायचं, मास्तर."

"मेंदूला फसवायचं," मास्तर म्हणाले, "आणि फसला मी तर?"

मॅडम हसल्या. मास्तर काही विनोद करत नव्हते.

खोक्याला पुढून आणि मागून मोठी भोकं होती, तिथून वारा यायचा. मास्तरांनी ठरवलं, खोक्याला आतून मऊ अस्तर लावायचं आणि पुढच्या भोकाला एक बाही जोडायची. हात बाहीतून आत जाईल, वारा लागणार नाही. काळं अस्तराचं कापड पडून होतं. त्यांनी डाव्या हाताने खुणा केल्या, मास्तरीणबाईंनी कात्री चालवली.

आता शिंपी बाही कापतो ती कापड दुमडून. एक बाही अशी कोणी कापतच नाही. माणसाला हात दोन, म्हणून बाह्या दोन, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारसुद्धा येत नाही. मास्तरांनी सवयीने कापड दुमडलं, बाईंनी सवयीने कापलं, आणि बघतात तो बाह्या दोन.

"ही दुसरी टाकून देऊ?" बाईंनी विचारलं.

"टाकतेस काय? चांगलं कापड आहे. मागच्या भोकाला लाव. तिकडूनही वारा येतोच की."

लावली. मधल्या खोलीत भिंतीला लागून टेबल होतं, त्यावर खोकं ठेवलं. एक बाही मास्तरांकडे तोंड करून, दुसरी पलीकडे भिंतीच्या बाजूला पडलेली. ठकी शाळेतून आली आणि पोट धरून हसली.

"बाबा, तुम्ही खोक्याला शर्ट शिवलात! पण पलीकडून कोण हात घालणार?"

"कोणी नाही. शोभेला आहे ती," मास्तर म्हणाले.

३

सात दिवस काही झालं नाही. मास्तर बसायचे, डावी मूठ उघडायचे, मिटायचे, मनात मॅडमना शिव्या घालायचे.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाई बाजारात गेल्या होत्या, ठकी शाळेत. आरशातला हात उघडत होता, मिटत होता. आणि मास्तरांना वाटलं, खोक्याच्या आत आपला हात कोणीतरी हातात घेतलाय. दाबला नाही, ओढला नाही. आजारी माणसाचा हात घ्यावा तसा, हलकेच. चौदा महिन्यांत या हाताला कोणी शिवलं नव्हतं. मास्तर ओरडायला तोंड उघडून बसले, आणि आग झालीच नाही.

मेंदू फसला, त्यांच्या मनात आलं. मॅडम म्हणाल्या होत्या तसा फसला एकदाचा!

त्यांनी हात बाहेर काढला. तो दुखत नव्हता, लाल नव्हता. पण गार होता. नेहमी तापलेला असणारा हात थंडीतल्या कात्रीसारखा गार पडला होता. रक्त फिरायला लागलं की होत असेल असं, त्यांनी स्वतःला समजावलं. वीस मिनिटांनी आग परत आली, पण वीस मिनिटं तर वीस मिनिटं. माणूस खोक्यापुढे बसून हमसून रडला.

डोळे पुसताना त्यांचं लक्ष पलीकडच्या बाहीकडे गेलं. ती उलटी झाली होती. आतली शिवण बाहेर आलेली, तोंड भिंतीकडे ओढलेलं. आता बाही उलटी कधी होते? घातलेला हात घाईघाईने काढून घेतला की. हे शिंप्याला कोणी शिकवायला नको. मास्तरांनी ती डाव्या हाताने सुलटी केली आणि ठकी खेळली असेल असं ठरवून टाकलं. ठकी सकाळपासून घरात नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात वीस मिनिटांचे दोन तास झाले, मग अर्धा दिवस. ज्या दिवशी दिवसभर दुखलं नाही त्या दिवशी मास्तर तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी उजव्या हाताने बायकोचा हात धरला. बाईंनी हाताकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे, आणि आपला हात सोडवून घेतला.

"गार आहे," एवढंच म्हणाल्या, आणि पाठ फिरवून भांडी लावायला लागल्या.

मास्तरांना वाटलं होतं ती रडेल, नाचेल, निदान देवाचं नाव तरी घेईल. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला आनंद कसा झाला नाही?

४

हातशिलाई पुन्हा सुरू झाली. समोरच्या हायस्कूलचे हेडसर तीन पँटी घेऊन आले, खालून दुमडून तुरपाई करायची होती. मास्तरांनी एका दुपारी तिन्ही उरकल्या. सुई बोटात अशी धावत होती की ते स्वतःच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी हेडसर न्यायला येणार, म्हणून त्यांनी पिशवीतून पँट काढून पाहिली. टाके नीट होते. पण टाक्यांच्या शेजारी कापडाला बारीक बारीक भोकं होती, इस्त्री करून दाबलेली. कोणीतरी त्यांची तुरपाई उसवून पुन्हा घातली होती.

कोणीतरी म्हणजे कोण? घरात सुई धरणारी दुसरी होती कोण?

मास्तर आतून पेटले. चौदा महिने दुकान हिने चालवलं, गल्ला हिच्या हातात, गिऱ्हाइकं हिला विचारतात. आता नवरा बरा होतोय तर तिला ते नको आहे की काय? माझं काम खराब म्हणून उसवते? की मी खराबच राहावं म्हणून? त्यांनी एक चिंधी घेतली, दार लावून बसले आणि मुद्दाम एक वीत तुरपाई घालून खिडकीपाशी नेऊन पाहिली.

टाके उलटे कललेले होते.

माणसाचं अक्षर असतं तसा शिंप्याचा टाका असतो. उजव्या हाताने घातलेला टाका एका अंगाला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. सव्वीस वर्षं मास्तरांचा टाका एकाच अंगाला कलत आला होता. हे टाके कोणा डावखुऱ्याचे होते, आणि घातले होते त्यांच्याच उजव्या हाताने.

सवय मोडली असेल, ते स्वतःशी म्हणाले. चौदा महिने म्हणजे काही कमी नाही. त्यांनी अंगुस्तान काढलं. पितळेची ती टोपी सव्वीस वर्षं त्यांच्या मधल्या बोटावर चापून बसत होती, काढताना पिळावी लागायची. आज ती बोटावरून घसरली आणि फरशीवर टणटणत गेली. त्यांनी बोटाचं टोक उजेडात धरलं. सुई ढकलून ढकलून पडलेला खड्डा, घट्टे, काही नव्हतं. बोट गुळगुळीत होतं.

मॅडमना त्यांनी सांगितलं. मॅडम टेपने हात मोजत होत्या आणि त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता.

"अहो, सूज उतरली की बोट बारीक होणारच! नवी कातडी येते. मास्तर, तुम्हाला बरं झालेलं सोसवत नाही का?"

"तसं नाही. पण हा हात..."

"हा हात काय?"

माझा नाही, असं म्हणायचं होतं. पण एवढ्या मुश्किलीने त्यांचं दुखणं लोकांना खरं वाटायला लागलं होतं. आता आपण होऊन वेड्याच्या यादीत नाव कोण घालून घेईल? "काही नाही, जरा गार पडतो," ते म्हणाले.

५

शनिवारी ते ठकीला शाळेतून आणायला गेले. ती फाटकातून आली आणि डाव्या बाजूला उभी राहिली. मास्तरांनी उजवा हात पुढे केला.

ठकीने आधी हाताकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

"नाही ना दुखणार?"

"नाही गं बाई. धर."

तिने दोन्ही हातांनी तो हात धरला आणि एक उडी मारली. रस्ताभर ती बोलत होती, वर्गातल्या बाईंनी काय सांगितलं, कोणाची पेन्सिल हरवली, कोणाशी कट्टी आहे. मास्तर हं हं करत होते, डोळे त्या हातावर. हाताला काही जाणवतच नव्हतं. दुखत नव्हतं, हे खरं. पण तिच्या बोटांची ऊबही लागत नव्हती. चौदा महिने ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लावला ती आता चालू होती, आणि ते बाजूला उभं राहून बघावं तसं बघत होते.

वळणावर ठकी खुदकन हसली. "बाबा, गुदगुल्या नका ना करू."

मास्तरांनी खाली पाहिलं. हाताने तिचं मनगट सोडून अंगठा आणि करंगळी ताणली होती, आणि तिच्या दंडापर्यंत तो वीत टाकत चढत होता. एक वीत. मग चार बोटं. मग काखेपाशी जरा थांबून परत खाली. टेप जवळ नसला की जुने शिंपी असंच बाहीचं माप घेतात. मास्तरांनी ते केलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला. तो लगेच आला, काही कुरकुर न करता. खिशात घातला तर खिशात राहिला. घरी पोचेपर्यंत मास्तरांनी तो बाहेर काढला नाही, आणि ठकी गप्प होऊन पुन्हा डावीकडून चालू लागली.

"दुखलं ना?" तिने दारात विचारलं. "मला वाटलंच."

६

सोमवारी दुपारी, ठकी शाळेतून येऊन जेवून आत खेळायला गेली तेव्हा, मास्तर अस्तराचं उरलेलं कापड शोधत होते. खोकं मोडून टाकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण मोडायला घेण्याआधी ते कापडात गुंडाळावं असं त्यांना वाटत होतं. का, ते विचारू नका.

गठ्ठ्याखाली एक कापलेला तुकडा मिळाला. काळी बाही, लहान पोराच्या मापाची. काखेचा गोलवा सुरेख घेतलेला, शिवणीला अर्धा इंच बरोबर सोडलेला. मास्तरांनी उजव्या हाताकडे पाहिलं. नखांत खडू होता.

"अगं, ऐकलंस का? हे तू कापलंस?"

मास्तरीणबाई मशीनवरून उठल्या. बाही पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कशाला? मला वाटलं तुम्ही काल बसला होतात..."

"मी कापलेलं नाही. आणि हेडसरांच्या पँटी तू उसवल्यास."

बाई मागे वळून मशीनचा दोरा तोडायला लागल्या.

"उसवल्यास ना? का? मी बरा झालेला तुला बघवत नाही?"

"मला?" बाईंचा आवाज फुटला. "चौदा महिने मी तुमच्या ओरडण्याने उठले. गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, भावाचे टोमणे खाल्ले. मला बघवत नाही? अहो, सोळा वर्षं संसार केलाय. नवऱ्याचा हात कळत नाही होय मला? त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात माझा हात धरलात, तेव्हाच कळलं. हा तुमचा नाही."

मास्तर बाही घेऊन स्टुलावर बसले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही झोपायला लागलात. जेवायला लागलात. पोरीशी हसायला लागलात. मी म्हटलं, असू दे. कोणाचा का असेना, दुखत तर नाही ना? टाके उलटे पडतात तर मी सुलटे घालीन, कोणाला कळणार आहे?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "मला भीती वाटत होती हो. पण तुमचं ते ओरडणं परत ऐकायची त्याहून जास्त वाटत होती."

मास्तरांना तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. इतके दिवस आपण हिच्यावर संशय घेतला, आणि ही आपल्यासाठी सुई घेऊन बसत होती. त्यांनी डाव्या हाताने तिचा हात धरला. मग त्यांची नजर मांडीवरच्या काळ्या तुकड्यावर गेली.

"अगं," ते म्हणाले, "दुसरी कुठे आहे?"

"दुसरी काय?"

"बाही! बाही कधी एक कापतात का?"

दोघांनीही एकदमच मधल्या खोलीकडे पाहिलं. ठकीचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

७

ठकी टेबलापाशी स्टुलावर गुडघे टेकून बसली होती. खोक्याच्या उजव्या फळीला नवं भोक होतं, आणि त्याला ती दुसरी छोटी बाही जोडलेली होती. टाके दारातूनही दिसत होते, सगळे उलटे कललेले. ठकीचा हात कोपरापर्यंत आत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, झोपलेल्या मांजरापाशी बोलावं तसं, "आत एक हात आहे. खूप गरम आहे. आणि नुसता थरथरतोय बिचारा."

तो हात कोणाचा, हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. "ठके, त्याला शिवू नकोस. हात बाहेर काढ. शहाणी ना माझी ती?"

"हो," ठकी म्हणाली.

तेवढ्यात त्यांचा उजवा हात पुढे झाला. त्यांनी केला नाही, तो झाला. सगळं अंग त्याच्यामागे फरफटत टेबलापर्यंत गेलं आणि हात मोठ्या बाहीतून आत घुसला. ज्याची वाट बघत बसावं ते एकदाचं आलं म्हटल्यावर माणूस उठतो, तसा. मनगटाच्या पुढे मास्तरांना आता काहीच कळेना. जणू तिथे हात संपलाच.

"आता दोन झाले," ठकी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "बाबा, दुसरा गार आहे. तो ओढतोय. बाबा!"

मास्तरीणबाईंनी धावत येऊन तिला कमरेला धरलं. ठकी खांद्यापर्यंत आत गेली. खोकं वीतभर रुंद होतं, तिचा हात त्यात मावणंच शक्य नव्हतं, तरी तो जात होता. मास्तरांनी मान वर करून पलीकडे पाहिलं. भिंतीकडची बाही भरली होती. भरलेली बाही कशी दिसते हे शिंप्याला माहीत असतं, दंड कुठे, कोपर कुठे, सगळं कापडावरून कळतं. कोपर दुमडलेलं होतं, जोर लावताना दुमडतं तसं, आणि बाहीचं तोंड भिंतीला टेकलेलं होतं.

त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

"ठके, ऐक! गरमवाला धर. तो माझा आहे. घट्ट धर!"

"तुम्हाला दुखेल ना," ठकी रडत म्हणाली. चौदा महिने तिला हेच शिकवलं होतं.

"दुखू दे! धर म्हणतो ना!"

तिने धरला.

आग मनगटातून खांद्यापर्यंत आली आणि डोक्यात फुटली. मास्तर असे ओरडले की समोरच्या हायस्कूलच्या खिडक्या उघडल्या. आणि त्या आगीच्या मधोमध त्यांना पाच बोटं लागली, छोटी, घामेजलेली, नखं वाढलेली. एकेक बोट लागलं. त्यांनी मूठ मिटली. सुजलेला, तुकतुकीत, वाऱ्याने भाजणारा तो हात त्यांनी पोरीच्या हातावर गच्च मिटला आणि पाय टेबलाला लावून मागे ओढायला लागले. पलीकडून ओढणारा काही कमी नव्हता. ते ओरडत होते आणि ओढत होते, मध्येच रडत होते, पण मूठ सैल झाली नाही.

मग एकदम सगळे मागे कोसळले, मास्तर, त्यांच्यावर ठकी, तिच्यावर बाई. खोकं टेबलावर आडवं झालं. आरसा फुटला नव्हता, पण कोणी त्यात बघितलं नाही. बाईंनी आधी पोरीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपला. सगळं होतं. नुसती मनगटाभोवती गार, पांढरी खूण उमटली होती.

मग त्यांनी मास्तरांचा हात पाहिला. तो लाल होता, सुजलेला होता, त्यातून वाफ निघेल असं वाटत होतं. मधल्या बोटाच्या टोकाला सुईचा खड्डा होता.

"परत आणलात तुम्ही," बाई म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबून रडू लागल्या.

"आणला," मास्तर म्हणाले. त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

आडव्या पडलेल्या खोक्यातून खरखर असा आवाज येत होता, अस्तरावरून कोणी नख ओढावं तसा. जरा वेळ थांबायचा, पुन्हा यायचा. तो तिघांनाही ऐकू येत होता. तो बंद करायला उठायला हवं होतं, खोकं जाळायला हवं होतं, निदान खोलीतून बाहेर तरी पडायला हवं होतं. पण ठकी मास्तरांच्या उजव्या हाताला दोन्ही हातांनी घट्ट धरून, त्यावर गाल टेकून बसली होती. तिच्या श्वासागणिक त्यांच्या हातावर निखारे पडत होते, आणि ते तिला सोड म्हणत नव्हते.